ब्रिटनमध्ये नट म्हणून उभं राहताना: नाव, प्रोफाइल आणि सेल्फ टेप

आधी नावाचं बघा. इक्विटी ही ब्रिटनमधली कलाकारांची युनियन, १९३० सालची. तिथे एका नावाचे दोन सभासद चालत नाहीत. नट डेव्हिड टेनंट मूळचे मॅकडॉनल्ड; ते नाव आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं, म्हणून त्यांनी ‘पेट शॉप बॉइज’ या पॉप जोडीतल्या नील टेनंटचं आडनाव उचललं. तेव्हा फोटो आणि शोरीलवर (तुमच्या कामाचे तुकडे जोडलेली चित्रफीत) पैसे घालण्याआधी नाव मोकळं आहे का ते विचारून घ्या. पाच-सहा कामं झाल्यावर नाव बदललं, तर जुनी कामं तुमच्या नावावर शोधून सापडत नाहीत.

मग स्पॉटलाइट, म्हणजे नटांची सूची. १९२७ पासून कास्टिंगवाले, म्हणजे भूमिकांसाठी निवड करणारे, नट शोधतात ते इथेच. पूर्वी जाडजूड छापील ग्रंथ असायचे, आता सगळं ऑनलाइन. सभासद व्हायला मान्य प्रशिक्षण किंवा व्यावसायिक काम दाखवावं लागतं. प्रोफाइलमध्ये दोन रकान्यांत लोक हमखास फसतात. एक, दिसण्याचं वय: ‘१८ ते ४०’ लिहिणारा कुणाच्याच कामाचा नाही, सात-आठ वर्षांचा पट्टा पुरे. दुसरा, बोलीचे लहेजे: ग्लासगो किंवा लिव्हरपूल लिहिलं असेल, तर तयारीला वेळ न मिळताही ते बोलता आलं पाहिजे. जमणारे तीनच लिहिलेले बरे.

एजंट टीव्हीच्या कामावर साधारण १० ते १५ टक्के घेतो, वर त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट. १,००० पौंडांवर १२.५ टक्के म्हणजे १२५, व्हॅट २५, हातात ८५०. नुसतं यादीत घ्यायचे पैसे आधी मागणाऱ्याला सरळ नमस्कार करा. पत्र पाठवण्यापूर्वी त्या एजंटकडे तुमच्याच वयाचा, तुमच्याच चणीचा नट आधीपासून नाही ना, तेही पाहा.

खरी मेहनत सेल्फ टेपवर, म्हणजे स्वतःच चित्रित करून पाठवायच्या ऑडिशनवर. फोन आडवा, स्टँडवर, भिंग डोळ्यांच्या उंचीला. चौकट छातीपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत. मागे करडी किंवा फिकट निळी भिंत, तिच्यापासून हातभर तरी पुढे उभे राहा, नाहीतर सावली मानेमागे चिकटून दिसते. दिवा फोनच्या बाजूला, किंचित वर.

ब्रिटनमध्ये वीज ५० हर्ट्झची. फोन सेकंदाला ३० फ्रेमवर ठेवलात आणि दिवा स्वस्तातला एलईडी असला, तर चित्रावरून काळे पट्टे सरकतात. २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा, पट्टे जातात.

समोरच्याची वाक्यं वाचणारा माणूस भिंगाला अगदी खेटून उभा करा, म्हणजे तुमचे दोन्ही डोळे दिसतात. तो माइकच्या जवळ असतो, म्हणून त्याने हळू आवाजात बोलावं. नाहीतर त्याचाच आवाज वर येतो आणि तुमचा मागे पडतो. खोली घुमत असेल तर चौकटीबाहेर जमिनीवर रजई पसरा. प्रसंगाचे दोन-तीन टेक पुरेत. विसाव्या टेकला वाक्यं चोख येतात, पण ऐकणं संपलेलं असतं, आणि ते बघणाऱ्याला लगेच कळतं.

नाव, उंची, एजंट आणि राहण्याचं शहर सांगणारी ओळख मागितली असेल तरच जोडा, तीही सूचनेत सांगितलेल्या जागी. फाइलच्या नावात तुमचं आणि भूमिकेचं नाव हवं. ‘फायनल २’ नको. लिंकला पासवर्ड असेल तर तो त्याच ईमेलमध्ये द्या, आणि पाठवण्यापूर्वी लिंक दुसऱ्या फोनवर उघडून पाहा.

करासाठी मिळकतीतला चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकत जा. नट बहुधा स्वयंरोजगारात मोडतो. ऑनलाइन कर-विवरणपत्राची मुदत ३१ जानेवारी, आणि एक दिवस चुकला तरी १०० पौंड दंड.