दही लागत नाही म्हणून विरजण वाढवू नका

दही विकायला काढणाऱ्या नवख्या माणसाची खरी परीक्षा थंडीत होते. मे महिन्यात बेळगावात दही कसंही लागतं. डिसेंबरात तेच दूध, तेच विरजण, आणि सकाळी पातेल्यात नुसतं पातळ. मग दहा लिटरला २०० ग्रॅम विरजण घालणारा माणूस अर्धा किलो घालतो. इथंच फसगत होते.

ऊन दुधात लावलेल्या दह्यात मुख्यतः दोन जिवाणू राबतात. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आधी वाढतो आणि फॉर्मिक आम्ल सोडतो, ते लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकसला लागतं. बल्गेरिकस दुधातली प्रथिनं तोडतो, त्यातली अमिनो आम्लं पहिल्याच्या कामी येतात. दोघं मिळून दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. सामू (pH, आंबटपणा वाढला की हा उतरतो) ४.६ च्या आसपास आला की केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन धरतं आणि कवडी पडते. विरजण चार-पाच दिवस पडून राहिलं की आंबट सोसणारा बल्गेरिकस तगतो, थर्मोफिलस मागे पडतो. असं विरजण दुप्पट घालून ही जोडी सावरत नाही, फक्त आंबटपणा आधीच दुधात जातो. दही सैल, वर निवळी म्हणजे सुटलेलं पाणी, चव झोंबणारी. त्यातलंच विरजण उद्यासाठी काढलंत की बिघाड रोज पुढे जातो.

म्हणून विक्रीचे डबे भरण्याआधी, ताज्या दह्यातून, उकळून घेतलेल्या छोट्या डब्यात विरजण बाजूला काढा. फ्रीजमध्ये दोन दिवस, फार तर तीन. त्यापुढचं वापरू नका.

आता तापमान. दूध ८५ ते ९० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, नुसती उकळी आणून उतरवू नका. निवळीतली प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात म्हणून दही घट्ट होतं. मग ४२ अंशांवर आणून विरजण फेटून घाला. बोट बुडवून अंदाज घ्यायला शिकवणाऱ्याचं या एका बाबतीत ऐकू नका. गार पडलेल्या बोटाला ३६ अंशांचं दूधही चांगलं ऊन लागतं, म्हणून थंडीत प्रत्येक जण दूध जास्तच निववतो. थर्मामीटर घ्या. पातेलं थर्माकोलच्या पेटीत, शेजारी गरम पाण्याच्या बाटल्या. ऊब टिकली तर चार-पाच तासांत दही लागतं. लागल्याबरोबर फ्रीजमध्ये.

एवढं सांभाळलंत तर घाबरायचं कारण नाही, हे जिवाणू चिवट असतात. मिरचीच्या देठानंही दही लागतं, पण आज एक चव, उद्या दुसरी. गिऱ्हाइकाला ते देऊ नका. दह्यात बुडबुड्यांची भोकं दिसली किंवा घाण वास आला तर सगळं ओतून द्या, त्याची कढीसुद्धा नको. इडलीच्या पिठात फुगवटा हवा असतो, तिथे ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू गॅस सोडतो. दह्यात गॅसची भोकं म्हणजे बहुतेक वेळा भांडं किंवा हात अस्वच्छ.

सगळं नीट करूनही दही लागलं नाही तर दुधावर संशय घ्या. कासदाह (कासेची सूज) झालेल्या म्हशीला प्रतिजैविक (अँटिबायोटिक) टोचलं असेल तर ते दुधात उतरतं आणि उकळूनही पुरतं जात नाही. खानापूरकडून चार घरचं दूध येत असेल तर प्रत्येकाचं १०० मिली वेगळं तापवून, एकाच विरजणानं, एकाच पेटीत चार वाट्या लावा. तीन लागल्या आणि एक पातळ राहिली, तर त्या घरी जाऊन इंजेक्शन कधी दिलं ते विचारा. औषधावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध घेऊ नका.