आधी औषधांचं पान, मग मृत्युपत्र

सकाळी साडेसहाला चहाचा कप यांच्या हातातून निसटला आणि बोलणं अडखळायला लागलं. तासाभरात आम्ही रुग्णालयात होतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणजे आम्ही वेळेत पोहोचलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, "रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?" ती चालू असेल तर या इंजेक्शनने रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मी म्हणाले, "एक छोटी पांढरी गोळी आहे, रात्री घेतात." चाळीस वर्षांचा संसार, आणि मला गोळीचं नाव सांगता येईना. मुलगा घरी जाऊन पाकीट घेऊन आला. त्यात पाऊण तास गेला.

हे आता चालतात, बोलतात. उजव्या हाताची पकड मात्र पूर्वीसारखी राहिली नाही.

म्हणून माझं सांगणं असं की अचानक आजारपण आलं किंवा आपण गेलो तर घरच्यांची अडचण होऊ नये, या तयारीची सुरुवात मृत्युपत्रापासून करू नका. पहिल्या तासात जे विचारलं जातं ते आधी एका पानावर लिहा: पूर्ण नाव, जन्मतारीख, जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, शरीरात पेसमेकर वगैरे बसवलं असेल तर ते, कशाची ॲलर्जी आहे, नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर, विमा पॉलिसीचा नंबर. प्रत्येक औषधाचं नाव पाकिटावरून बघून उतरवा. किती मिलिग्रॅम, किती वाजता आणि कशासाठी, हेही लिहा. वर तारीख टाका. डोस बदलला की खाडाखोड न करता पान नव्याने लिहा, घाईत वाचणाऱ्याला खाडाखोड कळत नाही. आमचं पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय आणि त्याचा फोटो दोन्ही मुलांच्या फोनमध्ये आहे. स्मार्टफोनमध्ये आपत्कालीन माहिती भरायची सोय असते, ती लॉक न उघडताही दिसू शकते. तीही भरून ठेवा.

दुसरी अडचण तिसऱ्या दिवशी आली. बिलं यांच्या खात्यातून जायची, ओटीपी यांच्या फोनवर यायचा आणि फोन उघडायचा तर यांचा अंगठा हवा. पलंगाशेजारी बसून मी तो सुजलेला अंगठा चार वेळा फोनवर टेकवला. फोनने ओळखला नाही. पासवर्ड यांना तेव्हा आठवत नव्हता आणि मी कधी विचारला नव्हता.

आता एक वही केलीय. कुठली खाती, कुठलं कर्ज, कोणाकडून येणं आहे, कोणाला देणं आहे, दर महिन्याला आपोआप कापले जाणारे हप्ते, कुठली किल्ली कशाची. पासवर्ड वहीत नाहीत. ते बंद पाकिटात आहेत आणि पाकीट कुठे आहे हे दोघांना माहीत आहे. माणूस गेल्यावरही त्याचं सिम लगेच बंद करू नका, आधी सगळ्या खात्यांवरचे नंबर बदलून घ्या.

गुगलच्या सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरलं गेलं नाही तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं, हे तिथे ठरवता येतं. जास्तीत जास्त १० माणसं नेमता येतात. हे कराच. वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरात नसेल तर गुगल ते फोटोंसकट पुसून टाकू शकतं. ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे, म्हणजे आपल्या माघारी आपलं खातं बघू शकेल असा माणूस नेमायची सोय. तिथे मिळणारी ॲक्सेस की छापून ठेवा, नंतर मृत्यूच्या दाखल्याबरोबर ती लागते.

मृत्युपत्राचे नियम देशोदेशी वेगळे, तेव्हा वकिलाला विचारा. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. आणि मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, तो देणाऱ्या माणसाबरोबरच संपतं, ते मृत्युपत्राची जागा घेत नाही. आपल्याला बोलता आलं नाही तर उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा, हेही लिहून ठेवा आणि त्या माणसाला समोर बसवून सांगा. मुलगी म्हणाली, "आई, आत्ताच कशाला?" मी तिला अंगठ्याची गोष्ट सांगितली. मग ती वही घेऊन बसली.

आता माझ्या जिवाभावाचं. आईच्या ट्रंकेत ४२ फोटो निघाले. त्यातली अकरा माणसं आज कोणालाच ओळखता येत नाहीत. आत्याला सगळी माहीत होती, पण तिला विचारायचं राहून गेलं. म्हणून फोटोंच्या मागे नावं लिहायला घ्या. मऊ शिशाच्या पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. ज्या फोटोंच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नाही, ते कागदी पाकिटात घाला आणि आधी पाकिटावर लिहून घ्या.

आवाजही साठवा. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं की माणूस गप्प होतो. "पहिल्या पगाराचं काय केलंत?" विचारलं की अर्धा तास बोलतो. रेकॉर्डिंगच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

आम्ही रोज संध्याकाळी एक फोटो घेतो. उजव्या हाताला तेवढाच व्यायाम म्हणून लिहायचं काम यांच्याकडे आहे. काल बराच वेळ लावून, वाकड्या अक्षरांत यांनी एका फोटोमागे लिहिलं: "डावीकडून तिसरा मी नाही. तो माझा भाऊ."