लकी ड्रॉचं कूपन छापायला टाकण्याआधी या चुका टाळा

दसरा जवळ आला की सांगलीतल्या आमच्या छापखान्यात कूपनवाल्यांची रीघ लागते. कापडवाले, मोबाईलवाले, फर्निचरवाले, मंडळाची पोरं. प्रत्येकाच्या हातात मागच्या वर्षीचं दुसऱ्याच कुणाचं तरी कूपन असतं आणि मागणी एकच: "असंच करा, फक्त नाव बदला." निम्म्या चुका इथेच होतात. ज्याचं कूपन नमुन्याला आणलंय, त्यानंही ते कुणाचं तरी बघूनच केलेलं असतं. कायदा कुणीच वाचलेला नसतो.

मी वाचला तो भीतीपोटी. काही वर्षांपूर्वी एका दुकानदारानं 'बंपर भाग्यवान योजने'ची पासबुकं छापायला दिली होती. 300 सभासद, महिना 1,000 रुपये, 20 महिने. दर महिन्याला एक चिठ्ठी काढायची, ज्याचा नंबर लागेल त्याला कपाट घरपोच आणि पुढचे हप्ते माफ. उरलेल्यांना शेवटी भरलेल्या पैशाचा माल. प्रूफ टेबलावर पडलं होतं. नोटीसांचे पॅड न्यायला आलेल्या एका वकीलसाहेबांनी ते उचललं, चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे छापलंस तर त्याच्याबरोबर तूही आत जाशील."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती.

हप्त्याची भिशी आणि नंबर लागला की हप्ते माफ

प्राईज चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट, 1978 असा केंद्राचा कायदा आहे. लोकांकडून हप्ते किंवा वर्गणी गोळा करायची आणि त्या पैशातून चिठ्ठी टाकून काहींना बक्षीस द्यायचं, ही 'प्राईज चिट'. योजनेला नाव काहीही द्या. नंबर लागलेल्यानं पुढचे हप्ते भरायचे की नाही, यानंही फरक पडत नाही. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड वाचून हसू नका, कारण न्यायालयानं खास कारण नोंदवलं नाही तर किमान एक वर्षाची कैद आहे. त्याच कायद्याचं कलम 5 माझ्यासारख्यांसाठी आहे. अशा योजनेचं तिकीट, कूपन किंवा कागद छापणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद.

मी ऑर्डर परत केली. दुकानदार म्हणाला, "आवं दादा, सगळीकडं चालतंय की." चालतं, खरं आहे. एखादा सभासद चिडून पोलीस ठाण्यात जाईपर्यंत सगळंच चालतं.

गल्लीतल्या बायकांची साधी भिशी यात धरू नका. तिथं प्रत्येकीला एकदा रक्कम मिळते आणि प्रत्येकजण शेवटपर्यंत भरते. धंदा म्हणून चिट फंड चालवायचा असेल तर 1982 चा वेगळा कायदा आणि त्याखालची नोंदणी आहे. दुकानाच्या काउंटरवर बसून करायचं ते काम नाही.

'देणगी' लिहिलं म्हणजे लॉटरी उरत नाही, हा समज

मंडळाची पोरं येतात. 20 रुपयांचं देणगी कूपन, पहिलं बक्षीस दुचाकी, दुसरं फ्रीज, तिसरं मिक्सर. वर बाप्पाचा फोटो. पोरांचा हेतू वाईट नसतो, पण कूपनावर तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: आधी पैसे, मग नशीब, मग बक्षीस. याला लॉटरीच म्हणतात. आणि लॉटरी हा सरकारचा प्रांत. 1998 च्या लॉटरी नियमन कायद्यानं ती राज्य सरकारांपुरती ठेवली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 प्रमाणे परवानगीशिवाय लॉटरीच्या सोडतीसाठी जागा चालवली तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. नुसती तिची जाहिरात केली तरी 5,000 रुपयांपर्यंत दंड. फ्लेक्स लावणाराही यात आला.

उपाय सोपा आहे, पोरांना तो फिका वाटतो एवढंच. देणगीची पावती ही पावतीच ठेवा. तिच्यावर सोडतीचा नंबर नको, बक्षिसाचं नाव नको. बक्षिसं द्यायचीच हौस असेल तर रांगोळी ठेवा, पाककला ठेवा, शुल्क घेऊ नका, परीक्षक बसवा. मागच्या वर्षी एका मंडळानं असं केलं. वर्गणी कमी झाली का? पोरं म्हणाली, "थोडी झाली." मी खोटं कशाला सांगू.

500 च्या खरेदीवर एक कूपन

बाजारातला सगळ्यात लाडका प्रकार. दुकानदाराचं म्हणणं असतं, कूपनाचे पैसे मी घेतच नाही, माल नेहमीच्याच भावानं विकतोय, मग लॉटरी कुठं झाली? मुद्दा अगदीच पोकळ नाही. हॉर्लिक्सच्या काही बाटल्यांत बक्षिसाच्या चिठ्ठ्या घातल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. 1998 मध्ये न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. चिठ्ठ्यांची सोडत नव्हती, भाग घ्यायला वेगळी किंमत नव्हती, म्हणून ती लॉटरी नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मात्र तो खटला तेव्हाच्या एमआरटीपी कायद्याखालचा, म्हणजे मक्तेदारी आणि अनुचित व्यापारावरच्या जुन्या कायद्याखालचा होता.

आज आपल्याला भिडतो तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. विक्री वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, सोडत, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ हे सगळं त्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून नोंदलेलं आहे. सूट फक्त नियमांनी ठरवून दिलेल्या प्रकारांना. म्हणजे "आम्ही पैसे घेतले नाहीत" एवढ्यानं सुटका होत नाही. ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगात जायला फार कष्ट पडत नाहीत. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कच नाही.

म्हणून गिऱ्हाईकाला मी आधी एकच सांगतो: सोडत सोडा, हमखास भेट द्या. 2,000 च्या खरेदीवर स्टीलचा डबा, प्रत्येकाला, साठा संपेपर्यंत, आणि साठा किती तो आकडा छापा. 90,000 ची दुचाकी एकाला मिळते आणि बाकीचे सगळे नाराज होऊन घरी जातात. तेवढ्याच पैशात दीडशेचे 600 डबे येतात. आपल्याकडच्या बायका डबा विसरत नाहीत. पुढच्या पाडव्याला त्याच डब्यातून चिवडा बाहेर निघतो आणि झाकणावर तुमच्या दुकानाचं नाव असतं.

मात्र डब्याची किंमत मालात चढवून वर 'मोफत' छापू नका. 1,200 ची साडी 1,350 ला लावून दीडशेचा डबा फुकट दिला, तर तीही त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे. फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. औषध दुकानवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: तान्ह्या बाळांच्या दूध पावडरवर आणि दुधाच्या बाटल्यांवर भेट, कूपन, आमिष काहीच चालत नाही. त्याला 1992 चा स्वतंत्र कायदा आहे.

गाडीची चावी दिली, कर विसरला

सोडतीत 10,000 रुपयांवरचं बक्षीस लागलं की 30 टक्के कर आधी कापायचा. कूपन फुकट वाटलेलं असलं तरी नशिबानं लागलेलं बक्षीस यात येतं. रोख असेल तर कापून उरलेलं द्यायचं. वस्तू असेल तर कापणार काय? गाडीचं चाक? म्हणून नियम असा, की कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तू ताब्यात द्यायची नाही. 90,000 च्या गाडीवर हे 27,000 झाले. ते विजेत्यानं आणून द्यायचे की तुम्ही सोसायचे, हे कूपनाच्या मागे स्पष्ट छापा. नाहीतर स्टेजवर हार घालून, फोटो काढून झाल्यावर माणसाला 27,000 मागायची वेळ येते, आणि तो फोटो आधीच सगळ्या ग्रुपवर गेलेला असतो. कर भरायला तुमच्याकडे टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नोंदणी नंबर लागतो. तो सोडतीच्या आदल्या रात्री मिळत नाही, तेव्हा सीएला आधी विचारा. भेट म्हणून वाटलेल्या मालावरचं जीएसटी क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावटही घेता येत नाही. हे हिशेबात धरूनच बजेट करा.

नंबरिंगची चूक

ही आमच्या बाजूची. नंबरिंग मशीनचं एक चाक अडकलं की तोच आकडा दोन कागदांवर उमटतो. एकदा 0341 दोन पुस्तकांत निघाला. बायंडिंगच्या आधी मुलीच्या नजरेला पडला म्हणून वाचलो. तेव्हा पुस्तकं ताब्यात घेताना पहिला आणि शेवटचा नंबर बघून पुढं जाऊ नका, मधली पानंही चाळा. खराब झालेली कूपनं फाडून टाकू नका, 'रद्द' शिक्का मारून ठेवा. आणि वाटलेल्याच कूपनांच्या स्थळप्रती (आपल्याकडे उरलेला भाग) सोडतीच्या डब्यात टाका. न वाटलेला नंबर निघाला की लोक थेट मालकाच्या मेहुण्याचं नाव घेतात.

निकाल कुणाला सांगितला?

बक्षीस योजनेचा निकाल दडवणं हीही अनुचित प्रथाच. जाहिरात ज्या वर्तमानपत्रात दिली, त्यातच वाजवी मुदतीत ठळकपणे निकाल छापला की कायद्याच्या नजरेत सहभागींना कळवलं असं होतं. व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकलेला निकाल 24 तासांत नाहीसा होतो. 'लोकाग्रहास्तव मुदतवाढ' हा प्रकारही टाळा. ज्यानं पहिल्या तारखेवर भरवसा ठेवून खरेदी केली, त्याची संधी तुम्ही पातळ करताय.

इन्स्टाग्रामवर गिव्हअवे करणाऱ्यांनाही हेच सगळं लागू. शिवाय फेसबुकला 'स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा आणि जिंका' ही अट चालत नाही, आणि योजनेशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही हे तुम्हालाच लिहावं लागतं. देशभर कुरिअर करणार असाल तर बिस्किटांच्या पुड्यावरची ती बारीक ओळ आठवा: 'तामिळनाडू वगळून'. तिथं बक्षीस योजनांवर बंदी घालणारा 1979 चा वेगळा कायदा आहे. सांगलीची हळद ऑनलाइन विकणाऱ्या एका पोरीला मी ती ओळ घालायला सांगितली, तर म्हणाली, "काका, माझं निम्मं गिऱ्हाईक तिकडचंच आहे." मग तिनं सोडत रद्द केली आणि प्रत्येक किलोमागे 50 ग्रॅमची पुडी जादा द्यायला सुरुवात केली. पुडीचं लेबल आम्हीच छापतो.