डच बोलताना ‘नीत’ गाळा

‘कॉफी इतकी गरम आहे की पिता येत नाही.’ मराठीत शेवटी ‘नाही’ येतंच. डचमध्ये मात्र हा नकार ‘त’ या छोट्याशा शब्दातच सामावलेला असतो: ‘द कॉफी इस त हेत ऑम त द्रिंकन.’ यात ‘नीत’, म्हणजे ‘नाही’, कुठेही नाही. मराठीच्या सवयीने ते घातलंत तर अर्थच उलटतो.

साचा असा: त + विशेषण + ऑम त + मूळ क्रियापद. हे दोन ‘त’ वेगळे आहेत. पहिला ‘प्रमाणाबाहेर’ सांगतो, दुसरा क्रियापदाला जोडलेला असतो. कर्म असेल तर ते ‘ऑम’ आणि दुसऱ्या ‘त’च्या मध्ये बसतं: ‘इक बेन त मू ऑम द आफवास त दून’, भांडी घासायलाही त्राण नाही. पण कॉफी आधीच कर्ता झाली आहे, म्हणून तिच्यासाठी पुन्हा सर्वनाम घालू नका.

खरी अडचण दुभंगणाऱ्या क्रियापदांची. ‘ऑपतिलन’ म्हणजे उचलणं. इथे ‘त’ थेट पोटात शिरतो: ‘द दोस इस त झ्वार ऑम ऑप त तिलन’, खोका उचलवत नाही इतका जड आहे. लिहितानाही ‘ऑप’, ‘त’, ‘तिलन’ असे तीन सुटे शब्द. ॲमस्टरडॅमच्या अरुंद, उभ्या जिन्यांवरून सामान चढवताना हे वाक्य हमखास लागतं.

‘फेल त मू’ म्हटलं की ‘फारच थकलोय’. आणि ‘त फेल ऑम ऑप त नूमन’ पाठच करा: सांगावं तेवढं थोडं.