शाळेच्या बँडसाठी वाद्य निवडताना: ट्रायलच्या आधीची तयारी

जूनच्या शेवटी डायरीत चिठ्ठी येते: पाचवीच्या मुलांची बँडसाठी निवड (ट्रायल) आहे, वाद्याची पहिली आणि दुसरी पसंती कळवा. मुदत चार दिवसांची. आमच्या मोठ्याच्या वेळी मी ऑफिसातून परतताना ठाणे स्टेशनच्या पुलाखाली उभी राहून ‘ट्रम्पेट’ लिहून टाकलं, कारण त्याला ते चकचकीत दिसायचं. दोन वर्षांत ट्रम्पेट माळ्यावर गेला. त्याला पुढे दातांना तारा लावाव्या लागणार हे डॉक्टरांनी पाचवीतच सांगितलं होतं, पण तारांचा आणि ट्रम्पेटचा काही संबंध असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. सातवीत तारा लागल्या, ओठ आतून सोलले जायला लागले आणि त्याने बँडचं नावच टाकलं. आता धाकटीची पाळी आहे. या वेळी चिठ्ठी भरायच्या आधी जे जे केलं ते क्रमाने सांगते, म्हणजे तुमचे चार दिवस नीट वापरले जातील.

सगळ्यात आधी शाळेचा बँड नक्की कुठला आहे ते विचारून घ्या. ‘बँड’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी असतात. बऱ्याच शाळांत साइड ड्रम, मोठा बेस ड्रम, झांजा, ट्रँगल आणि बिगुल एवढाच ताफा असतो. काही ठिकाणी त्याच्या जोडीला बासरी आणि उभा धरायचा, धातूच्या पट्ट्यांचा झायलोफोन असतो. काही मोजक्या शाळांत ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, युफोनियम (जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य) असा पूर्ण ब्रास बँड, तर काहींकडे बॅगपाइपचा पाइप बँड. प्रजासत्ताक दिनानिमित्त शाळांच्या बँडची जी राष्ट्रीय स्पर्धा होते तिच्यातही ब्रास आणि पाइप असे वेगळे गट असतात, त्यामुळे स्पर्धेला जाणाऱ्या शाळेत वाद्यांची निवड त्या हिशोबाने ठरलेली असते. मग बँडच्या सरांना तीन प्रश्न विचारा. वाद्य शाळेचं मिळणार की घ्यायचं? ते घरी नेता येईल का? आणि एका वर्षाने बदलता येतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर अर्धी धास्ती तिथेच कमी होते. सरांना फोन नको, शाळा सुटताना दोन मिनिटं भेटा. मैदानावर पंचेचाळीस मुलं सांभाळणारा माणूस फोनवर धड बोलू शकत नाही.

दुसरं काम दातांचं. ट्रम्पेट, बिगुल, युफोनियम या सगळ्या ब्रास, म्हणजे पितळी वाद्यांत ओठ थरथरवून आवाज काढायचा असतो, आणि वाद्याचं तोंड ओठांवर, म्हणजे पर्यायाने पुढच्या दातांवर टेकतं. वरचे पुढचे कायमचे दात साधारण सातव्या ते नवव्या वर्षी येतात. तिथे अजून फट असेल किंवा दात हलत असेल तर सहा महिने थांबणं उत्तम. तारा लागणार असतील तर डॉक्टरांना तारीख विचारून घ्या. तारा असूनही ब्रास वाजवणारी मुलं आहेत, तारांवर लावायचं मेण मिळतं, पण सुरुवातच तारांबरोबर झाली तर मुलाला दोन गोष्टी एकदम सोसाव्या लागतात. क्लॅरिनेटमध्ये वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकतात, तिथेही विचार हवा. आडव्या बासरीत (फ्लूटमध्ये) वाद्य तोंडात जातच नाही, खालच्या ओठाखाली टेकतं, म्हणून तारावाल्या मुलांना ती त्यातल्या त्यात सोपी जाते. दमा किंवा वारंवार होणारी सर्दी असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुंकवाद्य लिहू नका.

मग हात. यासाठी घरात साधा प्लास्टिकचा रेकॉर्डर, म्हणजे उभी धरून फुंकायची छोटी बासरी, असला तर पुरे, नसला तर शेजारच्या कुणाचा तरी मागून आणा. मुलाला सगळी भोकं एकदम झाकून अगदी हळू फुंकायला सांगा. चीं असा आवाज आला की समजायचं, कुठेतरी बोट अर्धवट पडलंय. क्लॅरिनेटची भोकंसुद्धा बोटाच्या पेरानेच बुजवायची असतात आणि ती एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे बोटं लहान असतील तर वर्ष-दीड वर्ष रेकॉर्डरवर काढणं वाया जात नाही. सॅक्सोफोनची बोटं रेकॉर्डरशी बरीच जुळतात आणि भोकांवर झाकणं असतात, पण अल्टो सॅक्सोफोन नुसताच अडीच किलोच्या आसपास भरतो, वर तो ठेवायच्या पेटीचं वजन. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं सरकारचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. ३० किलोच्या मुलाला म्हणजे ३ किलो. तेव्हा आठवड्यातून किती दिवस वाद्य न्यायचं आणि ते रिक्षाने, स्कूलबसने की लोकलने, हा हिशोब आधी मांडा. आडव्या बासरीसाठी मुलाला दोन्ही हात उजवीकडे नेऊन पाच मिनिटं तसेच धरायला लावा. मान वाकडी व्हायला लागली तर हात अजून आखूड आहेत. लहान मुलांसाठी वळवलेल्या तोंडाची बासरी मिळते, शाळेकडे आहे का ते विचारा. डावखुऱ्या मुलाची काळजी करू नका. बहुतेक फुंकवाद्यांत डावा हात वर आणि उजवा खाली हे सगळ्यांसाठी सारखंच असतं आणि दोन्ही हातांना भरपूर काम असतं.

श्वासाची परीक्षा आमच्याकडे खेळासारखी झाली. टिश्यू पेपरची एक पट्टी भिंतीला लावायची आणि बोट काढून घेऊन नुसत्या फुंकरीने ती भिंतीवर धरून ठेवायची. किती जोरात फुंकता येतं हे यात बघायचं नसतं, फुंकर शेवटपर्यंत एकसारखी राहते का ते बघायचं. बासरीला हवा भरपूर लागते, कारण अर्धी हवा भोकाच्या काठावरून बाहेरच जाते. ट्रम्पेटला हवा कमी पण दाबाने लागते. धाकटीची पट्टी पहिल्या दिवशी चार सेकंदांत पडली, तिसऱ्या दिवशी नऊवर गेली. त्या तीन दिवसांत तिचा हट्ट मला जास्त दिसला, आणि तो हट्ट वाद्याला लागतोच.

कानाकडे वळते, कारण मोठ्याच्या वेळी आमची खरी चूक इथेच झाली. ट्रम्पेटला तीनच खटके असतात, पण त्याच खटक्यांवर ओठांचा ताण बदलला की वेगवेगळे सूर येतात. बिगुलला तर खटकेही नसतात. सा, ग, प आणि त्यांचीच खालची-वरची रूपं, एवढेच सूर, तेही फक्त ओठांवर. म्हणजे कुठला सूर काढायचाय तो मुलाच्या डोक्यात आधी वाजला पाहिजे. म्हणून घरी पेटीवर (हार्मोनियमवर) किंवा मोबाइलवर एक सूर लावा आणि मुलाला ‘आ’ करून तो लावायला सांगा, मग त्याच्या वरचा, मग प्रार्थनेतली एखादी ओळ. सूर लगेच सापडत असेल तर ब्रास लिहायला हरकत नाही. नसेल सापडत, तर झायलोफोन किंवा ताल बघा, कान तिथेही तयार होतो.

इथे पेटीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मोठा ट्रम्पेट घेऊन बसला की आजोबा पेटी काढायचे. तो वहीत बघून ‘सी’ वाजवायचा, आजोबा पांढरी एक, म्हणजे पेटीवरचा ‘सी’, धरायचे, आणि दोघांचे सूर भांडायला लागायचे. आजोबा म्हणायचे, ‘‘बाळा, तू बेसूर होतोयस.’’ महिनाभर हे चाललं आणि मुलगा रडकुंडीला आला. नंतर कळलं की नेहमीचा ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ही बी-फ्लॅटची वाद्यं. त्यांच्या वहीतला ‘सी’ पेटीवर काळी पाच, म्हणजे बी-फ्लॅट, येतो. मुलगा बरोबर होता, आजोबाही बरोबर होते. आडवी बासरी मात्र पेटीशी सरळ जुळते, तिचा ‘सी’ म्हणजे पांढरी एकच. तुमच्या घरी कुणी पेटी वाजवणारं असेल तर हे त्यांना आजच सांगून ठेवा.

ताल सोपा म्हणून ड्रम लिहू नका, आणि मुलगी म्हणून ड्रम टाळू तर मुळीच नका. मुलींच्या हाती ट्रँगल आणि मुलांच्या गळ्यात ड्रम ही वाटणी मला पटत नाही, आणि मी ते सरांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी ते मोकळेपणाने ऐकून घेतलं. संचलनात बेस ड्रमचा ठोका डाव्या पायावर पडतो, सगळी रांग त्यावर चालते. तेव्हा हॉलमधल्या हॉलमध्ये मुलाला डावा-उजवा करत चालू द्या आणि प्रत्येक डाव्या पायाला एक टाळी वाजवायला सांगा. ते जमलं की मध्येच काहीतरी विचारा, पाढा म्हणायला लावा. टाळी चुकली नाही तर ताल अंगात आहे. लेझीम खेळलेली मुलं यात पटकन तरतात. साइड ड्रमच्या काठ्या आणि ताशाच्या काठ्या यांचं नातं जवळचं आहे, पण साइड ड्रमला खालून तारा ताणलेल्या असतात, त्यांचा तो कुरकुरणारा आवाज. एकेक ठोका, मग प्रत्येक हाताचे दोन-दोन ठोके, आणि ते वाढवत वाढवत सलग रोल, एवढ्यालाच कित्येक महिने जातात. बेस ड्रम गळ्यात घातल्यावर मुलाला पुढची जमीन दिसते का हेही बघा. आमच्या मैदानावर पावसाळ्यानंतर खड्डे असतात. झांजा हलक्या समजल्या जातात, पण त्या समोरासमोर सपाट आपटल्या तर मध्ये हवा कोंडते आणि आवाज मरतो, तिरक्या घासून उघडाव्या लागतात. आणि झांजवाल्या मुलाला बाकी कुणापेक्षा जास्त मोजावं लागतं.

कागदावरची ही कामं चालू असताना मुलाला प्रत्यक्ष वाद्यं ऐकवा. मोबाइलमधली नव्हे, समोरची. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचे सराव संध्याकाळी चालू होतात, तिथे अर्धा तास उभं राहा. पाडव्याची स्वागतयात्रा झाली असली तर कुठल्या पथकापाशी मूल रेंगाळलं होतं ते आठवा. लग्नाच्या वरातीतला बँड गल्लीतून गेला तर खाली जा. वरातीच्या बँडची पितळी वाद्यं बहुतेक मेरठच्या जली कोठी भागात बनतात, हे ऐकून आमची धाकटी नकाशा काढून बसली. एखादा शनिवार काढून सीएसएमटीला उतरा आणि धोबी तलावापर्यंत चालत जा. तिथे फुर्टाडोजसारखं १८६५ पासूनचं वाद्यांचं जुनं दुकान आहे. वाद्य हातात घेऊन बघू द्याल का असं दुकानात आधी विचारा, आणि खिशात पैसे घेऊन जाऊ नका.

कारण खरेदी आत्ता करायचीच नाही. शाळेचं वाद्य दोन-तीन महिने वाजवून झाल्यावर मूल आपणहून वाद्याची पेटी उघडत असेल तर घ्या. आम्ही घाई केली होती. रंगीत, स्वस्त ट्रम्पेट घेतला, दिवाळीपर्यंत एक खटका खाली गेला की वर येईना, आणि दुरुस्तीवाल्याने हात लावायलाही नकार दिला. जुनं वाद्य घेत असाल तर तिन्ही खटके दाबून सोडा, टुणकन वर आले पाहिजेत. नळ्या हाताने सरकल्या पाहिजेत. पितळेवर गुलाबीसर डाग असतील तर धातू आतून खातोय. क्लॅरिनेट लाकडी नको, प्लास्टिकचा घ्या, आपल्या पावसाळ्यात तोच टिकतो. वरखर्चही धरा: खटक्यांचं तेल, क्लॅरिनेटच्या सांध्यांवरच्या बुचाला लावायचं ग्रीस, आतून पुसायचा कपडा आणि रीड (क्लॅरिनेटच्या तोंडाला बांधायची वेताची पातळ पट्टी). नवशिक्याला दीड किंवा दोन नंबरची मऊ रीड लागते, आणि तीन-चार रीड आलटून पालटून वापरल्या तर जास्त दिवस जातात. जुलै-ऑगस्टमध्ये पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वाद्य ओलं ठेवून पेटी बंद करू नका, आठवड्यात बुरशी धरते.

शेजारी हा विषय थोडक्यात. दुपारी दोन ते चार वाजवायचं नाही, संध्याकाळी सहा ते सात ही वेळ ठरवा आणि वरच्या-खालच्या घरी स्वतः जाऊन मुलालाच सांगू द्या. ड्रमसाठी रबरी पॅड आणा. आमच्या वरच्या काकू आता सव्वासहाला आवाज आला नाही तर विचारतात.

ट्रायलच्या आदल्या रात्री नखं कापा. सकाळी दप्तरात पाण्याची बाटली, दोन स्वच्छ रुमाल, केस बांधायला रबर. ट्रायलच्या आधी बिस्किट-चॉकलेट नको, खाल्लंच तर चूळ भरायची. फुंकायचं वाद्य एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाणार असेल तर मधे धुतलं जाईल का, हे सरांना नम्रपणे विचारा. कोमट पाणी आणि साबण पुरतो, उकळतं पाणी नको. मुलाला एवढंच सांगून ठेवा की पहिल्या फुंकरीला आवाज आला नाही तर चालतं, बहुतेकांचा येत नाही. आणि मिळतील ती सगळी वाद्यं एकेकदा हातात घ्यायची, नको वाटलं तरी.

घरी आल्यावर ‘कसं झालं?’ विचारू नका. ‘कुठलं परत वाजवावंसं वाटलं?’ एवढंच विचारा, आणि उत्तर आपल्या मनातलं नसलं तरी चेहरा बदलू देऊ नका. आमच्या धाकटीने पहिली पसंती साइड ड्रम लिहिलीय आणि दुसरी झायलोफोन. मी मनात बासरी धरली होती. चिठ्ठी तिनेच भरली, सही माझी, आणि उद्या सकाळी ती सरांच्या हातात द्यायचीय.