कापसाच्या भावामागचं परराष्ट्र धोरण कसं शोधावं

काटोल-सावनेरच्या बाजारात कापसाचा भाव पडला की चर्चा व्यापारी आणि आवक यांच्यावरच थांबते. त्यामागे दोन सरकारांमधला दबाव आहे का, हे नागपुरात बसूनही तपासता येतं.

आधी तारखा, आणि त्याही मूळ कागदावरच्या. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर अधिसूचना मिळतात. शुल्क किती आणि कधीपर्यंत, ते त्यात असतं. सरकार कारण काय सांगतं, ते प्रसिद्धीपत्रकात. 2025 चा ऑगस्ट घ्या. 6 तारखेला अमेरिकेने रशियन तेलाचं कारण देऊन भारतीय मालावर आणखी 25 टक्के शुल्क जाहीर केलं. 18 ला भारताने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 30 सप्टेंबरपर्यंत माफ केलं. 27 ला अमेरिकेचं शुल्क एकूण 50 टक्के झालं. 28 ला आपली माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढली.

शेजारी शेताचं वेळापत्रक लिहा. विदर्भात पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास होते. त्यामुळे सप्टेंबरची मुदत शेतकऱ्याला फार जाचणारी नव्हती, डिसेंबरची मात्र ऐन आवकेवर आली. हा रकाना दिल्लीच्या विश्लेषणात क्वचितच असतो. तो आपणच भरायचा.

ही माफी अमेरिकेच्या कापसालाही मिळते, म्हणून तारखा जुळल्या की 'भारत झुकला' असं लिहून टाकण्याचा मोह होतो. तिथे थांबा आणि हाच निर्णय आधी कधी झाला होता का, ते पाहा. 2022 मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर हेच शुल्क माफ होतं. तेव्हा अमेरिकेशी असा शुल्काचा वाद नव्हता. देशात रुई महागली होती आणि वस्त्रोद्योगाची मागणी होती. म्हणून दबावाचा अंदाज अंदाज म्हणूनच लिहा, आणि 'भारत' हा शब्द फोडा: तिरुपूरचे कपडे निर्यातदार, सूतगिरण्या, कापूस उत्पादक. स्वस्त आयात पहिल्या दोघांच्या सोयीची, भार तिसऱ्यावर. हमीभाव आहे म्हणून हा भार नाहीसा होत नाही. 2025-26 साठी मध्यम धाग्याला क्विंटलमागे 7710 रुपये ठरले, पण सीसीआयच्या (हमीभावाने खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांवर गेला की कपात आणि 12 च्या वर खरेदीच नाही.

मग ताकद मोजा. नियम तोच असला तरी तो वापरणारा कोण, यावर निकालाची किंमत ठरते. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. अमेरिकेच्या बौद्धिक संपदेच्या हक्कांवर (पेटंट, कॉपीराइट) उलट कारवाईची धमकी देण्याइतका तो मोठा होता, म्हणून 2014 च्या तडजोडीत अमेरिकेने त्याला 30 कोटी डॉलर दिले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी त्याच अनुदानांविरुद्ध 2003 मध्ये आवाज उठवला. त्यांच्या हाती अशी धमकी नव्हती.

हीच मोजपट्टी आपल्या सरकारलाही लावा, नाहीतर अभ्यास एकांगी होतो. बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क 2019 मधल्या किलोमागे 20 रुपयांवरून 2023 पर्यंत 88 वर नेलं आणि वरुड-मोर्शीच्या बागायतदारांची मोठी बाजारपेठ आटली. त्यांचा राग रास्त आहे. पण सप्टेंबर 2019 मध्ये भारताने कांदा निर्यात अचानक बंद केली, तेव्हा ढाक्यात भाव भडकले होते. या दोन्ही नोंदी एकाच पानावर घ्या. एकामुळे दुसरं झालं, असं मात्र कागद हाती असल्याशिवाय लिहू नका.