चिव्हितावेक्कियाला बोट सोडल्यावर विमान किती वाजताचं घ्यायचं?

क्रूझच्या माहितीपत्रकात ‘रोम’ छापलेलं असतं, पण बोट लागते चिव्हितावेक्किया बंदराला. रोम इथून सुमारे 70 किलोमीटर आणि रोमचा फ्युमिचीनो विमानतळ साठेक. चर्चगेट म्हणून सांगावं आणि विरारला उतरवावं, तसलाच प्रकार. त्यामुळे मुंबईचं तिकीट काढण्याआधी घड्याळाचा हिशेब मांडायला हवा, आणि तो विमानापासून उलटा.

वेळापत्रकातली ‘सकाळी 7’ ही वेळ बोट धक्क्याला लागण्याची असते, तुमच्या उतरण्याची नाही. इमिग्रेशनची मंजुरी आल्यावर दार उघडतं. मग बॅगांना लावलेल्या पट्ट्यांच्या रंगानुसार किंवा नंबरनुसार गट सोडतात, साधारण साडेसात ते साडेनऊपर्यंत. बॅग हाती येऊन टर्मिनलबाहेर पडायला 8:30 धरा. ठरवलेल्या गाडीने 9:45 पर्यंत विमानतळ येतो, ट्रेनने 11 वाजून जातात. त्यात आंतरराष्ट्रीय विमानाचे 3 तास मिळवा. म्हणजे गाडी असेल तर दुपारी 1 च्या आधीचं विमान नको, ट्रेनने जाणार असाल तर 2:30 च्या आधीचं नको. बोटीला तास-दीड तास उशीर होणं काही जगावेगळं नाही. वारा, धुकं, एखाद्या प्रवाशाचं आजारपण, काहीही कारण पुरतं. दुबई, दोहा, अबू धाबीमार्गे संध्याकाळी किंवा रात्री निघणारं विमान मिळत असेल तर तेच घ्या.

आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, बहुधा 11 ते 12 च्या आत. गडबड होते ती इथेच. सगळं आवरून बॅगा बाहेर जातात आणि सकाळी लक्षात येतं की बूटही बॅगेतच गेले. दुसऱ्या दिवशीचे कपडे, बूट, औषधं, चार्जर, पासपोर्ट आणि तिकिटाचे कागद हातातल्या पिशवीत राहू द्या. बोटीवरच्या दुकानातून घेतलेली दारूची बाटली शेवटच्या संध्याकाळी हातात देतात. ती मोठ्या बॅगेतच जायला हवी, नाहीतर 100 मिलीच्या नियमामुळे वाटेतल्या एखाद्या विमानतळावर सोडावी लागू शकते. काही बोटींवर चढतानाच पासपोर्ट ठेवून घेतात. तो परत कधी आणि कुठे मिळणार ते आदल्या दिवशी रिसेप्शनला विचारून घ्या.

बॅगा स्वतः ओढत नेण्याची तयारी असेल तर ‘सेल्फ डिसएम्बार्केशन’ला नाव द्या. हे प्रवासी सगळ्यांत आधी उतरतात आणि पाऊण-एक तास सहज वाचतो. अट एकच, लिफ्टच्या गर्दीत सगळं सामान एका फेरीत न्यायचं. दोन मोठ्या बॅगा, गुडघेदुखी आणि सोबत लहान मूल असेल तर या भानगडीत पडू नये.

आता ट्रेनचा मार्ग. धक्क्यावरून बंदराच्या मोफत बसने लार्गो देला पाचे या थांब्यावर यायचं. तिथून स्थानिक बस स्टेशनला जाते, तिचं तिकीट वेगळं. स्टेशनवर ‘रेजोनाले’ म्हणजे साध्या गाडीचं रोमचं तिकीट काढा, साधारण 5 युरो. मधूनच इंटरसिटी गाड्याही येतात, त्यांत हे तिकीट चालत नाही. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, मोबाइलवरचं असेल तर गाडीत बसण्याआधी चेक-इन करायचं. ‘पैसे तर भरलेत’ हे तिकीट तपासनीस ऐकून घेत नाही, दंड होतो.

बरेच लोक सरळ तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनला जातात आणि तिथून विमानतळाची लिओनार्दो एक्सप्रेस पकडतात: 14 युरो, 32 मिनिटं. त्यात उगाच पुढे जाऊन मागे यायचं होतं. त्याआधीच्या त्रास्तेव्हेरे स्टेशनवर उतरा आणि एफएल1 मार्गाची ‘फ्युमिचीनो एरोपोर्तो’ अशी पाटी असलेली गाडी घ्या. तिकीट 8 युरोच्या आसपास, वेळ अर्धा तास. कामाच्या दिवशी ही गाडी दर पाव तासाने असते, रविवारी आणि सुट्टीला अर्ध्या तासाने. फलाटाचा आकडा ‘बिनारिओ’ या शब्दापुढे दिसतो, आणि तो ऐनवेळी बदलू शकतो.

चौघे असाल तर आधी ठरवलेली गाडी बरी. 120 ते 160 युरोंत दारापासून दारापर्यंत जाता येतं. माणशी 30-40 युरो पडले तरी बॅगा चारदा उचलाव्या लागत नाहीत. धक्क्यावर ऐनवेळी घासाघीस करत बसू नका. भाडं, बॅगांची संख्या आणि बोटीला उशीर झाल्यास थांबण्याचे पैसे, हे सगळं लेखी घ्या. बोटीच्या कंपनीची बस महाग असते, पण बोटीला उशीर झाला तर तीही थांबते.

इटलीत संप ही नेहमीची गोष्ट आहे, शुक्रवारी तर जास्तच. ‘शोपेरो’ हा शब्द ओळखून ठेवा. संपाच्या तारखा आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक साध्या गाड्या चालवाव्याच लागतात. तुमची वेळ नेमकी त्यानंतरची, म्हणून संप असेल त्या दिवशी ट्रेनचा विचारच नको.

व्हिसाचे दिवस मोजताना बोट सोडायचा दिवस धरू नका, विमानाचा धरा, आणि वर दोन दिवस मागून घ्या. बोट मध्ये तुर्कस्तान किंवा मॉन्टेनेग्रोला जाऊन परत इटलीत येत असेल तर मल्टिपल एंट्री व्हिसाच लागतो. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर आधी ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसाचं बघा. शेंगेनच्या, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या, सीमेवर आता बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी ईईएस पद्धत आली आहे, त्यामुळे पासपोर्टच्या रांगेला जादा वेळ ठेवा. खरेदीवरचा कर परत घ्यायचा असेल तर वस्तू चेक-इनच्या बॅगेत टाकण्याआधी कस्टम्सला विचारा. एका दुकानातली खरेदी 70 युरोंच्या वर हवी.

रात्रीचं विमान असेल तर तेर्मिनीला पैसे देऊन बॅगा ठेवता येतात आणि तेवढ्यात रोम फिरून होतं. फक्त संध्याकाळच्या गर्दीत बॅगा सोडवायलाही वेळ जातो, हे धरून चाला.

मुंबईच्या पुढे नागपूर, कोल्हापूर किंवा गोव्याला जायचं असेल तर शक्यतो सगळं एकाच पीएनआरवर काढा. वेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरं बुडाल्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. बॅग पुढपर्यंत टॅग केलेली असली तरी टर्मिनल 2 ला ती पट्ट्यावरून घेऊन कस्टम्समधून न्यावीच लागते. शिवाय डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरूनही देशांतर्गत विमानं सुटतात, तेव्हा तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते नीट वाचा. एनएमआय असेल तर खाडी ओलांडून जायचं आहे, दोन विमानांत किमान 5 तास ठेवा. पुण्याला जाणाऱ्यांनी गाडीवाल्याला विमान उतरण्याची वेळ सांगावी, पण बोलवावं त्यानंतर दीड तासाने.